छापले मी, सांगितले कोणी?

मी एक जुना प्रिंटर आहे. आमच्या जातीला डॉट मॅट्रिक्स म्हणत. नाशिकच्या द्वारका चौकात मोबाईलच्या कव्हरांचे एक दुकान आहे, त्याच्या पोटमाळ्यावर मी कित्येक वर्षे पडून आहे. माझ्यावर कोणी तरी फ्लेक्सचा एक जुना तुकडा टाकला आहे. माझी काळजी म्हणून नव्हे, त्या तुकड्याला दुसरी जागा नव्हती म्हणून. खाली दिवसभर ट्रक आणि रिक्षा भोंगे वाजवतात, पूर्वी मला त्याची गंमत वाटायची, आता नुसता वैताग येतो. पण मित्रांनो, तुम्ही शिडी चढून वर आलाच आहात तर बसा. बोलता बोलता मी मध्येच थांबलो तर रागावू नका. मला ती सवय पहिल्यापासून आहे. पूर्वी मी थांबलो की लोक माझ्या डोक्यावर चापट मारत, आणि खरे सांगतो, त्याने मी पुन्हा चालूही होत असे.

माझा जन्म कुठे झाला ते खोक्यावर लिहिले होते, पण ते खोके पहिल्याच दिवशी खालचा चहावाला घेऊन गेला. माझ्या तोंडात बारीक सुया आहेत. त्यांच्यापुढे शाईची फीत फिरते. सुया फितीवर आपटल्या की कागदावर ठिपके उठतात आणि ठिपक्यांची अक्षरे होतात. आवाज म्हणाल तर लाकूड कापल्यासारखा. मला गोड बोलता कधीच आले नाही.

१९९३ साली मला याच इमारतीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या कचेरीत बसवले. तिथे मी बिल्ट्या छापायचो. बिल्टी म्हणजे ट्रकमध्ये चढलेल्या मालाचा कागद. माल कोणी पाठवला, कुठून निघाला, कधी निघाला, कोणाकडे जायचा आहे, हे सगळे त्यावर असते आणि खाली जबाबदार माणसाची सही असते. तिथला कारकून मोतीराम मूळचा सायखेड्याचा. बारीक अंगाचा, कानावर पेन्सिल, तोंडात सुपारी. पाठवणाऱ्याचे नाव नसले की तो माझ्यातून कागद ओढून काढायचा. व्यापारी कितीही घाईत असो, बाहेर ड्रायव्हर कितीही भोंगा वाजवो, मोतीराम सुपारी चघळत बसायचा आणि नाव मिळाल्याशिवाय हलायचा नाही. लोक त्याला खडूस म्हणत.

एकदा तो दोन दिवस रजेवर गेला. बदली कारकुनाने नाव नसलेल्या एका मालाची बिल्टी माझ्याकडून छापून घेतली. पेट्यांवर द्राक्षे लिहिले होते. पेट्या लांबच्या बाजारात उघडल्या तेव्हा वर एक थर द्राक्षांचा आणि खाली नुसता कडबा. आता पकडायचे कोणाला? नावच नव्हते. मोतीराम परत आला. तो कागद हातात धरून बराच वेळ बघत राहिला. कडब्याला द्राक्षे म्हणणारी ती अक्षरे माझीच होती, आणि ती इतर दिवसांसारखीच काळीभोर आली होती. मला तेव्हा पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

पुढे कचेरीत नवा, न ओरडणारा प्रिंटर आला. त्याच सुमाराला मोतीराम निवृत्त झाला आणि त्याचा पुतण्या योगेश याने तळमजल्यावर सायबर कॅफे काढला. २००० साल होते. प्लायवूडच्या सहा खोल्या, सहा कॉम्प्युटर, चपला बाहेर काढून आत यायचे. योगेशने मला वरून खाली आणले. घरी बसून कंटाळलेला मोतीरामही मागोमाग आला आणि माझ्याशेजारच्या स्टुलावर बसू लागला. मी छापलेल्या कागदाच्या दोन्ही कडांच्या भोकांच्या पट्ट्या फाडायच्या, एवढेच त्याचे काम.

सुरुवातीला मोतीराम प्रत्येक पान उलटसुलट करून बघायचा. हे कोणी पाठवले म्हणून विचारायचा. योगेश हसायचा आणि म्हणायचा की काका, हे इंटरनेट आहे, इथे कोणी पाठवत नसते, इथे सगळे आधीपासूनच असते. मोतीरामला ते पटले नाही, पण पुतण्याचे दुकान, म्हणून तो गप्प बसला. मीही गप्प बसलो. माझा तर इलाजच नव्हता.

आणि मग काय काय छापले म्हणून सांगू? शाळांचे प्रकल्प, कॉलेजांचे प्रकल्प, औषधांची माहिती, ग्रहांची माहिती. कोणी तरी दूरच्या देशात बसून पोटतिडकीने लिहिलेले पान आणि कोणी तरी जांभया देत लिहिलेले पान, दोन्ही मी एकाच शाईने छापले. एका मुलीच्या गोदावरीवरच्या प्रकल्पात तिसऱ्या पानावर मधोमध ‘पुढे जाण्यासाठी इथे दाबा’ असे इंग्रजीत छापले गेले. तिने त्याला स्केचपेनची चौकट काढली आणि तिच्या बाईंनी त्याखाली ‘छान’ असा शेरा दिला. ती आनंदाने तो कागद दाखवायला आली होती. मी हसलो असतो, पण दिवसाकाठी चारशे पाने छापून माझ्या सुया दुखत होत्या.

लोक माझे कौतुक करत. पडद्यावर वाचलेले कोणाला फारसे खरे वाटत नसे, पण माझ्यातून कागद बाहेर आला की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसे. “छापून आलंय ना, मग झालं तर,” असे म्हणत ते कागद घडी पडणार नाही असा धरून घेऊन जात. माझ्यामुळे त्याला वजन येत होते. हे वजन मला पेलवत नव्हते, मित्रांनो.

२००५ च्या फेब्रुवारीत ललिता यायला लागली. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची, कोकणा समाजातली मुलगी. नाशिकच्या मुलींच्या वसतिगृहात राहून ती भूगोलात एम. ए. करत होती आणि शेवटच्या वर्षी तिला एक लघुप्रबंध द्यायचा होता. विषय तिने स्वतः निवडला होता, डोंगरातली नागलीची, म्हणजे नाचणीची, शेती. तो फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी पाच वाजेपर्यंत विभागात दिला नाही तर तिचे वर्ष जाणार होते आणि वर्ष गेले की वसतिगृहातली जागाही जाणार होती. मग पुन्हा पाड्यावर. तिच्या पाड्यावरून एवढे शिकलेले दुसरे कोणी नव्हते.

पहिला मसुदा तिने आपल्या डोक्याने लिहिला होता. उन्हाळ्यात पालापाचोळा आणि शेण पसरून राब कसा भाजतात, त्या जागेवर रोपे कशी तयार करतात, मग पाऊस लागल्यावर ती रोपे उपटून उतारावर कशी लावतात. या लावणीला ते लोक आवणी म्हणतात. ललिताने सहाव्या वर्षापासून आवणी केली होती. पण मार्गदर्शक बाईंनी प्रत्येक परिच्छेदाखाली तांबड्या शाईने लिहिले, ‘हे कोण म्हणते? संदर्भ?’ ललिताला वाटले, आपल्या घरचे चालत नाही. मोठ्या माणसाचे, लिहिलेले, छापलेले पाहिजे. ग्रंथालयात तिला त्या विषयावर फारसे काही सापडले नाही. म्हणून ती योगेशच्या कॅफेत आली.

तिला तीन संकेतस्थळे सापडली. तिन्ही इंग्रजीत. तिन्हींवर एकच गोष्ट लिहिली होती, की या डोंगरातले लोक नागलीचे बी नुसते उतारावर फेकतात आणि निघून जातात. रोपे करणे, लावणी करणे त्यांना ठाऊक नाही. तीन ठिकाणी तेच आहे म्हटल्यावर ललिताने ते खरे मानले. मी ती पाने छापली. तिने शब्दकोश घेऊन त्यांचे मराठी केले, आपले राबाचे आणि आवणीचे प्रकरण काढून टाकले आणि त्या जागी हे घातले. खाली संदर्भ दिले, पत्ता आणि तारखेसकट. आता तांबडी शाई येणार नव्हती.

त्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडचे निम्मे पाडे द्राक्षांच्या बागांत कामाला उतरलेले असतात. ललिताचे आईवडीलही सायखेड्याजवळच्या एका बागेत होते. त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी तिचे वडील बारकू भोये तिला भेटायला द्वारकेला आले. वसतिगृहात पुरुषांना आत घेत नाहीत, म्हणून तिने त्यांना कॅफेतच बोलावले होते. बारकूने चपला बाहेर काढल्या, त्या पुन्हा नीट जोडून ठेवल्या, आणि आत येऊन भिंतीला लागून उभा राहिला. मोतीरामने त्याला आपले स्टूल दिले. ललिता तेव्हा आपले प्रकरण छापून घेत होती. बारकू माझ्या आवाजाला दचकला नाही. तो मन लावून बघत राहिला.

मग त्याने तिला वाचून दाखवायला सांगितले. ललिता थोडी अडखळली, पण वाचू लागली. बी फेकतात आणि निघून जातात. रोपे करणे ठाऊक नाही. वाचता वाचता तिचा आवाज खाली गेला. बारकूने मान खाली घातली होती. मान वर न करताच तो म्हणाला, “मंग आपन आवणी करतो ती काय हाय?”

बारकू आपल्या हातांकडे बघत होता. मग तोच म्हणाला, “छापलेलं हाय म्हंजे मोठ्या मानसानं लिवलं आसल. आपलंच काय तरी चुकत आसल.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला पुष्कळ शिव्या मिळाल्या. कागद अडकला म्हणून, फीत फिकी पडली म्हणून. पण त्या माणसाने मला दिलेल्या मानाइतके मला दुसरे काही लागले नाही. त्याने पन्नास वर्षे जे हातांनी केले होते, ते माझ्या ठिपक्यांपुढे त्याला खोटे वाटू लागले होते. माझ्या तोंडातल्या सुया त्या क्षणी गळून पडल्या असत्या तर बरे झाले असते.

ललिता रडली नाही. ती कागद हातात घेऊन तशीच बसली. तेव्हा माझ्याशेजारून मोतीराम बोलला. इतक्या वर्षांनी त्याचा तो जुना आवाज मी ऐकला.

“बाळ, ती तीन पानं इकडं आण. हा माल कोणाचा हाय, बघू.”

त्याने तिन्ही पाने काउंटरवर शेजारी शेजारी मांडली. इंग्रजी त्याला बिल्टीपुरते येत होते, पण बघायचे काय ते पक्के ठाऊक होते. आधी तो पानांच्या खालच्या ओळीवर गेला. तिथे तारीख होती. ललिताने तीच संदर्भात लिहिली होती. मोतीरामने कॅलेंडरकडे बोट दाखवले. ती तारीख परवाची होती, म्हणजे मी छापल्याची. मजकूर लिहिल्याची तारीख कुठेच नव्हती. लिहिणाऱ्याचे नावही नव्हते. मग त्याने तिन्ही पानांवरच्या एका ओळीवर कानावरची पेन्सिल फिरवली. ओळ शब्दाला शब्द सारखी होती.

“हे तिघांनी सांगितलेलं नाय,” मोतीराम म्हणाला. “एकाच गोदामातला माल तीन गाड्यांत भरलाय.”

योगेशही आता उठून आला. त्याने ती पाने पुन्हा पडद्यावर उघडली. तिसरे पान शाळेच्या मुलांना गृहपाठ पुरवणाऱ्यांचे होते, त्यांनी दुसऱ्यावरून उचलले होते. दुसरे स्पर्धा परीक्षांचे, त्याच्या तळाशी बारीक अक्षरात पहिल्याचे आभार मानले होते. आणि पहिले पान होते त्र्यंबकेश्वरला येणाऱ्या भाविकांना गाड्या पुरवणाऱ्या एका कंपनीचे. दर्शनानंतर एक दिवस डोंगरात फिरवून आणतो, तिथले भोळेभाबडे लोक दाखवतो, असा त्यांचा धंदा होता. भोळेभाबडे दाखवायचे, तर त्यांना शेती कशी येऊन चालेल?

पानावर फोन नंबर होता. मोतीरामने दुकानातल्या फोनवरून तो लावला. पलीकडचा माणूस आधी गाडी कधी हवी तेच विचारत राहिला. हे कोणी लिहिले, असे मोतीरामने तीनदा विचारल्यावर तो म्हणाला की ज्या मुलाने संकेतस्थळ बनवले त्यानेच मजकूर घातला होता. तो मुलगा डोंगरात गेला होता का, ते त्याला ठाऊक नव्हते, आणि तो आता कामालाही नव्हता. आम्ही गाड्या लावतो हो, आम्हाला शेतीतले काय कळते, असे म्हणून त्याने फोन ठेवला. माणूस वाईट नव्हता. त्याला कोणी विचारलेच नव्हते, एवढेच.

बारकूला सगळे समजले असे नाही, पण त्याची मान वर आली. ललिता मात्र आता खरोखर घाबरली. तीन पाने गेली म्हणजे प्रकरणाचा आधार गेला, आणि मध्ये फक्त तीन दिवस उरले होते. तिने मोतीरामला विचारले की मग मी बाचे नाव घालून जुनेच प्रकरण परत टाकू का. मला वाटले तो हो म्हणेल. पण मोतीराम कसला खडूस. त्याने बारकूकडे बघत, पण तिलाच सांगितले, “तुझ्या बापाच्या मालालापण बिल्टी लागंल, बाळ. त्याचं एकट्याचं म्हणणं सगळ्या डोंगराचं कसं होईल?” बारकूने मान डोलावली. त्याला यात अपमान वाटला नाही.

शुक्रवारी ती मार्गदर्शक बाईंकडे गेली. परत येऊन तिने मोतीरामला सांगितले ते मी ऐकले. बाईंनी कपाळाला हात लावला होता. मी ‘हे कोण म्हणते’ असे विचारले होते, ‘घरचे नको’ असे कधी म्हटले होते, असे त्या म्हणाल्या. घरच्यांचे लिही, पण ज्याने सांगितले त्याचे नाव, गाव, किती वर्षे शेती करतो आणि कोणत्या दिवशी विचारले, ते लिही. आणि घराबाहेरच्या चार जणांनाही विचार, जुळते का बघ, जुळले नाही तर तेही लिही. तांबड्या शाईतला प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर शोधायला ती चुकीच्या दारी गेली होती, आणि त्या दारात मी बसलो होतो.

शनिवार-रविवार ती सायखेड्याजवळच्या बागेत राहिली, हेही मी नंतर तिच्याच तोंडून ऐकले. मजुरांच्या झोपड्या ओळीने होत्या, वेगवेगळ्या पाड्यांवरची माणसे एका जागी सापडली. तिने सात घरांत विचारले. सहा घरांनी राब आणि आवणी सांगितली. सातवा सावळीराम, अगदी वरच्या पाड्यावरचा. तो म्हणाला की आमच्याकडे कड्याला लागून इतका चढ आहे की उभे राहून रोप लावता येत नाही, तिथे आम्ही बी फेकतोच. बारकूला ते पटेना, त्याने वाद घातला. पण त्याच झोपडीत उतरलेले सावळीरामचे दोन शेजारीही तेच म्हणाले. म्हणजे ती तीन पाने अगदीच हवेतून आली नव्हती. एका कड्यावरचे खरे होते, ते सगळ्या डोंगरावर पसरून खोटे झाले होते. ललिताने दोन्ही लिहिले.

सोमवारी सकाळपासून ती कॅफेत टाइप करत बसली. बारकू बागेतला दिवस मोडून आला होता, कारण त्याला ते छापताना बघायचे होते. मराठी अक्षर छापताना मला दुप्पट वेळ लागतो. त्यातून माझी एक सुई मोडली होती, त्यामुळे प्रत्येक ओळीतून एक पांढरी रेघ जायची, आणि फीत तर इतकी झिजली होती की मोतीराम अधूनमधून ती हाताने पुढे सरकवत होता. चार वाजता भारनियमन सुरू होणार होते. योगेशकडची बॅटरी कॉम्प्युटरला जेमतेम पुरायची, माझ्यासाठी काही उरत नसे. तरी सव्वातीनला मी शेवटचे पान संपवले आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मीसुद्धा.

कागद लावता लावता ललिता वडिलांना त्यांचे म्हणणे वाचून दाखवू लागली. राबाचे वाचले, बारकू हो हो म्हणत होता. मग बियाण्याचे आले. उभ्या पिकातली कोणती कणसे निवडायची, ती चुलीवरच्या धुरात किती दिवस टांगायची, कोणते बी पहिल्या पावसाला आणि कोणते उशिराच्या पावसाला ठेवायचे. दीड पान होते. खाली लिहिले होते, माहिती देणारे बारकू लहानू भोये.

बारकूने तिला थांबवले.

“हे मी नाय सांगितलं.”

ललिता म्हणाली की बा, रविवारी तुम्हीच तर सांगितले, मी समोर बसून लिहून घेतले. बारकूने मान हलवली. तो सांगत होता खरा, पण त्याला त्यातले काही ठाऊक नव्हते. झोपडीच्या आत चुलीपाशी झुंबरबाई, म्हणजे ललिताची आई, भाकरी थापत होती. तो तिला विचारत होता, ती आतून हळू बोलत होती आणि तो मोठ्याने सांगत होता. ललिताला समोरचा आवाज तेवढा ऐकू आला होता.

“बी तुझी आय निवडते,” बारकू म्हणाला. “मला त्यातलं काय बी ठावं नाय. माझं नाव काढ तिथलं. तिचं घाल.”

योगेशने घड्याळाकडे पाहिले. पावणेचार व्हायला आले होते. नाव बदलायचे म्हणजे ते पान आणि संदर्भांच्या यादीचे पान, दोन्ही पुन्हा छापायची, आणि माझा भरवसा कोणी द्यावा? एका नावाने काय बिघडते, घरातलेच तर आहे, कोणाला कळणार, असे तो म्हणाला. ललिताही थकली होती. तीन रात्रींची झोप तिच्या डोळ्यांवर होती. तिने कागदांवर हात ठेवला आणि वडिलांकडे बघितले. असू दे ना बा, असे तिच्या तोंडावर आले होते, मला ते दिसत होते.

बारकू शांतपणे म्हणाला, “त्या गाडीवाल्यांनी बी हेच केलं ना? दुसऱ्याचं उचललं, इचारलं नाय कुनाला.”

ललिता उठली आणि कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली.

बारकूच्या नावाच्या जागी घाईत ‘नाव यादीत पाहा’ एवढेच घातलेले पहिले पान मी कसेबसे छापले. मग यादीचे पान सुरू झाले. मोतीराम फीत बोटांनी ढकलत होता, त्याची बोटे काळी झाली होती. मी माझ्यात होते नव्हते ते सगळे लावले. कचेरीतल्या पहिल्या बिल्टीलाही मी इतका जीव लावला नव्हता. राब आणि आवणी, बारकू लहानू भोये. कड्यावरची पेरणी, सावळीरामचे नाव. त्याच्या शेजाऱ्यांची नावे. अगदी शेवटची ओळ आली. ‘बियाण्याची निवड व साठवण’ एवढे मी छापले आणि पुढची स्वल्पविरामाची खूण उमटवली.

वीज गेली. चारला दोन मिनिटे कमी होती. माझ्या सुया फितीवरच थांबल्या.

मोतीरामने हाताने चाक फिरवून कागद माझ्या तोंडातून हलकेच बाहेर काढला, कडांच्या पट्ट्या फाडल्या आणि ललितापुढे ठेवला. कानावरची पेन्सिल द्यायला गेला, मग विचार बदलून त्याने खिशातले पेन दिले. ललिताने त्या स्वल्पविरामापुढे निळ्या शाईने लिहिले, ‘झुंबरबाई बारकू भोये, रविवार, चुलीपाशी विचारले.’ शेवटचे दोन शब्द तिने खोडले नाहीत. मग बापलेक रिक्षाने विभागाकडे गेले आणि पाचच्या आत पोचले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमके त्याच ओळीवर बोट ठेवले होते. एवढ्या छापील प्रबंधात ही एकच ओळ हाताने का, आणि ही बाई कोण, असे त्यांनी विचारले. ललिताने सांगितले. ती पास झाली हे सांगायला ती स्वतः पेढे घेऊन आली, आणि एक पेढा तिने माझ्यावरही ठेवला. तो योगेशने खाल्ला. त्यानंतर मी फार दिवस चाललो नाही. लेझर प्रिंटर आला, मग कॅफेच बंद झाला. मोतीराम आता या जगात नाही. मी इथे आहे.

मित्रांनो, आता तुम्ही कागदावर फारसे वाचत नाही, पडद्यावर वाचता, आणि पडदा माझ्यापेक्षा कितीतरी देखणा असतो. तोही माझ्यासारखाच आहे, त्याला सांगाल ते तो दाखवतो. म्हणून अभ्यासासाठी एखादे पान उचलण्याआधी ते कोणी लिहिले, कधी लिहिले आणि त्याला ते कुठून कळले, एवढे विचारायचा कंटाळा करू नका. मला खाली न्या, पुसा, जपा, असे मी म्हणणार नाही, माझे आता काही राहिले नाही. पण तुम्ही जे लिहाल त्याखाली सांगणाऱ्याचे नाव घाला. त्या प्रबंधातले हजारो शब्द मी छापले. झुंबरबाईंचे नाव तेवढे माझ्याकडून राहिले, याची रुखरुख मला अजून आहे.